विमान क्षेत्रात जायचंय: आधी एम.टेक., एमबीए की थेट लायसन्स?

गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक तयार होतात, नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांची देखभाल होते, आणि एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुटतं. आमगाव-सालेकसापासून दर्यापूरपर्यंतच्या पोरापोरींना हे क्षेत्र आता परकं वाटत नाही. बी.एस्सी. किंवा बी.ई. झालं की प्रश्न येतो: पुढे दोन वर्षं आणखी शिकू का?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या लायसन्स पाहतात, पदव्युत्तर पदवी नाही. जिथे ती खरंच पाहतात, तिथे मात्र तिच्याशिवाय फार पुढे जाता येत नाही. म्हणून आधी नोकरी ठरवा, मग शिक्षण.

विमान दुरुस्तीचं उदाहरण घ्या. हँगरमध्ये काम संपल्यावर विमान उड्डाणाला योग्य आहे अशी सही करायची, तर डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, एएमई (विमान देखभाल इंजिनियर) लायसन्स लागतं. यांत्रिक बाजूसाठी बी-१, एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी, बी-२. पाया बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचा. त्यावर मॉड्यूलच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव. मग ज्या विमानावर काम करायचं, त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची मान्यता, वेगळं. मेकॅनिकलमध्ये एम.टेक. केलेला इंजिनियर आणि बारावीनंतर एएमई झालेला मुलगा शेजारी उभे केले, तर सहीचा अधिकार त्या मुलाकडे असतो. इथे एम.टेक.ची दोन वर्षं लायसन्सपासून दूर गेलेली दोन वर्षं ठरतात.

वैमानिकाचंही तेच. सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, २०० तासांचं उड्डाण, डीजीसीएचे पेपर आणि क्लास वन मेडिकल. सीपीएल हातात आल्यावर कुणी सुरक्षित पर्याय म्हणून पूर्णवेळ एमबीएला जायचा विचार करत असेल, तर मी जोर देऊन नको म्हणेन. उड्डाणाचा सराव तुटतो, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं (उपकरणांच्या आधारे उडवायच्या मान्यतेचं) नूतनीकरण अंगावर येतं, आणि एअरलाइनमध्ये सीनियॉरिटी रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. पदवी हवीच असेल तर दूरशिक्षणाने करा.

आता पर्याय एअर ट्रॅफिक कंट्रोलचा, म्हणजे जमिनीवरून विमानांना उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या सूचना द्यायच्या कामाचा. आपल्या भागातल्या साध्या बी.एस्सी. झालेल्या मुलांना याची माहिती सगळ्यात कमी असते, आणि मला याचंच वाईट वाटतं. भारतीय विमानतळ प्राधिकरण ज्युनियर एक्झिक्युटिव्ह घेतं, त्यासाठी फिजिक्स-मॅथ्ससह बी.एस्सी. किंवा इंजिनियरिंगची पदवी पुरते. वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपयांची. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मेडिकल, आणि निवड झाल्यावर प्रशिक्षण नोकरीत असतानाच. प्राधिकरणाची एक प्रशिक्षण संस्था तर गोंदियालाच आहे. पण खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा २७ वर्षं आहे. आरक्षित प्रवर्गांना सूट मिळते, तरी भरती दरवर्षी ठरल्या वेळी निघेलच असं नाही. बावीसाव्या वर्षी एम.एस्सी.ला जाणाऱ्याने हे वय कागदावर मांडून पाहावं. त्या दोन वर्षांत निघालेली जाहिरात सोडू नये, एम.एस्सी. अर्धवट राहिली तरी चालेल.

मग एम.टेक. कुणासाठी? ज्याला विमान किंवा इंजिन बनवायचं आहे, त्याच्यासाठी. पंखावरचा हवेचा प्रवाह, कंपोझिट, इंजिनातलं ज्वलन, नियंत्रण प्रणाली ही कामं बंगळुरूच्या एनएएल या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेत, डीआरडीओच्या प्रयोगशाळांत, बोइंग-एअरबसच्या इंजिनियरिंग केंद्रांत चालतात. बी.ई.वरही आत शिरता येतं, पण संशोधनाच्या कामात एम.टेक.वाल्याचं पारडं जड असतं. शिवाय हा आपल्या घरांना परवडणारा मार्ग आहे. गेट ही एम.टेक. प्रवेशाची परीक्षा देऊन आयआयटीत गेलात तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. गेटचा स्कोर तीन वर्षं चालतो, त्यामुळे बी.ई.च्या शेवटच्या वर्षी परीक्षा देऊन ठेवा आणि नोकरीचे प्रयत्नही चालू ठेवा. विमानतळ प्राधिकरणाने गेल्या काही वर्षांत इंजिनियरिंगच्या काही पदांची भरतीही गेटच्या गुणांवर केली आहे. पण भरमसाट फी घेणाऱ्या, प्रयोगशाळा नावापुरती असलेल्या कॉलेजातलं एम.टेक. म्हणजे पीक न येणाऱ्या वावरात खत टाकणं.

एव्हिएशन एमबीएबद्दल थोडक्यात. विमानतळ चालवणं, तिकिटांचे दर ठरवणं, मालवाहतूक, करार यात त्याचा उपयोग आहे, पण तीन-चार वर्षं काम केल्यावर. पदवीनंतर लगेच लाखो रुपये फी भरून केलेल्या एमबीएनंतर पुष्कळांच्या वाट्याला ग्राउंड स्टाफची नोकरी येते, आणि ती साध्या पदवीवरही मिळते. प्रवेशाआधी कॉलेजला विचारा: मागच्या बॅचची मुलं कुठे लागली, कोणत्या पदावर, किती पगारावर? कागदावर उत्तर देत नसतील तर परत या.

पैशाचा मुद्दा गावाकडे वेगळा आहे. वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, वरही. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि सातबारा पुढे केला तर मान हलवतात. कारण बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची वसुली शेतजमिनीवर करता येत नाही. म्हणजे वीस एकरांचा मालकही बँकेच्या दृष्टीने तारणाविना असू शकतो. मग वावर विकायची गोष्ट निघते. त्याआधी दोन कामं करा. एक, मुलाचं डीजीसीएचं मेडिकल, कारण रंगांधळेपणासारखी अडचण पहिल्या हप्त्याआधी कळली पाहिजे. दुसरं, नागपूरच्या महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेत चौकशी. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांनी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयात विचारावं.

फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. झालेली गावातली मुलगी माझ्यासमोर असेल, तर मी तिला प्राधिकरणाची तयारी पहिली सांगेन आणि एम.एस्सी. नंतरची. मेकॅनिकलच्या मुलाला डिझाइनची खरी ओढ असेल तर गेटला बसवेन. हँगरमध्ये हात काळे करायची आवड असेल, तर एएमईचा अर्ज त्याने याच वर्षी भरावा.