‘तुमच्या ब्राउझरमध्ये १४ गंभीर त्रुटी’: तपासणीच्या नावाखाली झालेली फसवणूक

मी नारायण पेठेत राहते आणि गेली अनेक वर्षे छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचे आणि त्यांची जीएसटीची व आयकराची विवरणपत्रे भरण्याचे काम घरूनच करते. जुलै महिन्यात कामाची घाई असताना बँकेच्या संकेतस्थळावर ‘आपला ब्राउझर जुना आहे, कृपया अद्ययावत करा’ अशी सूचना आली. ती सूचना खरी होती. मात्र ती वाचून ब्राउझर आधी तपासून घ्यावा असे मला वाटले, मी शोधयंत्रात तसे शब्द टाकले आणि सर्वांत वर आलेला दुवा उघडला. त्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते, त्याकडे माझे लक्ष गेले नाही.

पान उघडताच ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे आले आणि मी ते दाबले. मग एक वर्तुळ फिरू लागले आणि त्याखाली एकेक ओळ उमटत गेली: शहर पुणे, माझ्या इंटरनेट कंपनीचे नाव, विंडोज, ब्राउझरचे नाव, पडद्याचा आकार. सगळे तंतोतंत बरोबर होते. त्यानंतर लाल अक्षरांत ‘१४ गंभीर त्रुटी’ असा निकाल आला. आधीची माहिती बरोबर निघाल्यामुळे हा निकालही बरोबरच असणार असे मी धरून चालले, आणि माझी फसवणूक नेमकी याच ठिकाणी झाली.

ही माहिती शोधून काढावी लागतच नाही. आपण कोणतेही संकेतस्थळ उघडले की आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, त्याच्याकडे जातोच, आणि त्यावरून शहराचा व इंटरनेट कंपनीचा अंदाज येतो. ब्राउझर, कार्यप्रणाली, भाषा आणि पडद्याचा आकार या गोष्टी ब्राउझर स्वतःहून सांगतो. उलट, संगणकातील फायली वाचणे किंवा त्यात व्हायरस आहे का हे पाहणे साध्या वेबपानाला शक्य नसते, कारण ब्राउझर प्रत्येक पानाला एका बंदिस्त चौकटीतच चालवतो. त्या १४ त्रुटींमध्ये ‘फ्लॅश प्लेयर कालबाह्य’ अशी एक ओळ होती. फ्लॅश म्हणजे संकेतस्थळांवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारे जुने सॉफ्टवेअर; त्याला कंपनीचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजीच संपला आणि त्यानंतर प्रमुख ब्राउझरांमधून ते काढूनही टाकले गेले. जी वस्तू माझ्या संगणकात नव्हतीच, ती जुनी झाल्याचे ते पान सांगत होते.

मी पान बंद केले, तरी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर पाच-दहा मिनिटांनी इशाऱ्याची पट्टी येऊ लागली. पहिल्याच पायरीवर मी ‘अलाउ’ दाबून नोटिफिकेशनची परवानगी दिली होती, त्याचा हा परिणाम होता. मला मात्र संगणकच बिघडल्यासारखे वाटले. पट्टीवरच्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या तरुणाने स्वच्छ मराठीत ‘ताई, घाबरू नका, मी आहे ना’ असे म्हटले आणि मला धीर आला. त्याने पडदा दुरून हाताळता येईल असे एक अ‍ॅप घ्यायला लावले. मग विंडोजमधल्या रोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारे ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून तिथल्या लाल खुणा दाखवल्या आणि प्रत्येक खूण म्हणजे एकेक हल्ला आहे असे सांगितले. प्रत्यक्षात अशा नोंदी धडधाकट संगणकातही शेकड्यांनी असतात.

त्याने दिलेले बिल ४,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे एकूण ४,७२० रुपयांचे होते. बिलावर जीएसटी क्रमांक होता, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ हा आकडाही होता, म्हणून मी पैसे भरले. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्या बिलावर १४च अक्षरे होती, हे मी दुसऱ्या दिवशी मोजले.

पैसे भरल्यानंतर पडदा काळा झाला आणि ‘दुरुस्ती सुरू आहे, संगणकाला हात लावू नका’ अशी ओळ आली. त्याच वेळी फोनवर आलेला सहा अंकी आकडा त्याने ‘रिपेअर कोड’ म्हणून मागितला आणि मी तो वाचून दाखवला. माझ्या खात्यातून ४८,५०० रुपये गेले. माझा भाचा योगायोगाने घरी आला, त्याने पडद्याकडे पाहिले आणि ‘मावशी, आधी वायफाय बंद कर’ म्हणत राउटरची वायरच उपटली.

बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर आम्ही अर्ध्या तासात कळवले, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी सायबर पोलीस ठाण्यातही गेलो. पुढच्या खात्यात पोहोचलेल्या रकमेपैकी १९,००० रुपये गोठवता आले. बाकीची रक्कम बँकेने नाकारली, कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच धरले जात असे. निकाल कठोर वाटला, पण ओटीपी मीच सांगितला होता हे खरे होते.

पुढे भाच्याने खऱ्या तपासण्या दाखवल्या. एसएसएल लॅब्जच्या पानावर आपला ब्राउझर टीएलएसच्या, म्हणजे संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या, कोणत्या आवृत्त्या वापरतो हे दिसते, तर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ‘कव्हर युवर ट्रॅक्स’ या पानावर आपला ब्राउझर किती सहज ओळखता येतो हे कळते. दोन्हींनी ना फोन क्रमांक मागितला, ना पैसे, ना काही उतरवून घ्यायला लावले. माझ्या ब्राउझरला हवे होते ते अपडेट तर त्याच्याच मेन्यूत ‘मदत’ या भागात होते. ते दोन मिनिटांत झाले आणि फुकट झाले.

मला सर्वांत जास्त लागून राहिली ती अशिलांची काळजी, कारण एकतीस जणांचे पासवर्ड मी त्याच ब्राउझरमध्ये साठवले होते. दोन दिवस मी प्रत्येकाला स्वतः फोन केला, झाले ते न लपवता सांगितले आणि पासवर्ड बदलून घेतले. बोहरी आळीतले एक व्यापारी सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, ‘ताई, तशीच लाल पट्टी आमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर आठवडाभर येते आहे, नंबरही लिहून ठेवलाय.’ मी तशीच दुकानात गेले, त्यांच्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या परवानग्यांची यादी उघडली आणि त्यातले अनोळखी नाव काढून टाकले. त्यानंतर आम्ही दोघे अर्धा तास त्या कोपऱ्याकडे पाहत बसलो. पट्टी आली नाही, आणि त्यांनी लिहून ठेवलेला तो कागद माझ्यासमोर फाडला.