वजन कमी करायच्या स्लीव्ह सर्जरीनंतरच्या फॉलोअपसाठी कोथरूडमधलं हे क्लिनिक नक्की बघा

माझी सर्जरी दुसरीकडे झाली, ऑपरेशन उत्तम केलं त्यांनी, पण नंतर वजन जरा वाढलं की सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून "परत सुरू झालं वाटतं खाणं?" असं ऐकवायचे, आणि नातेवाईक तर काय, शॉर्टकट मारलास म्हणायला तयारच.

इथे काटा आतल्या खोलीत आहे, खुर्च्या रुंद आणि बिनहाताच्या, बीपीचा मोठा पट्टा न मागता आणतात. डायटिशियन मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "ताई, आता काय काय जमतं?" मी म्हटलं पर्वती न थांबता चढते, शुगरची गोळी बंद झाली, झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन सुटलं. ते सगळं त्यांनी फाइलमध्ये वजनाच्या आकड्याच्या वर लिहिलं!! मला तिथेच भरून आलं.

मग नीट समजावलं की स्लीव्हमध्ये पोटाचा जवळपास ७५ ते ८० टक्के भाग काढतात तरी शरीर वजन परत मिळवायला बघतंच, एकदोन वर्षांनी थोडं वाढणं बऱ्याच जणांना होतं, तो आळस नाही. रोज निदान ६० ग्रॅम प्रोटीन, त्यासाठी मुगाचं धिरडं, अंडी, पनीर असं आपल्या घरातलंच दिलं. बी१२च्या गोळ्या कायमच्या, आणि लोह-कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी मात्र तोबा गर्दी, अपॉइंटमेंट असूनही थांबावं लागतं, शक्यतो मधल्या वारी जा.