टी-बकेट: रूपाला दाद, ब्रेकवर आक्षेप

अमेरिकन हॉट रॉडमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांत ताकदवान इंजिन बसवून केलेल्या वेगवान गाड्यांमध्ये, टी-बकेटइतकी उघडीवाघडी गाडी दुसरी नसेल. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात नॉर्म ग्राबोव्स्कीने १९२२च्या फोर्ड मॉडेल टीच्या पुढच्या अर्ध्या भागाला आखूड केलेला पिकअपचा हौदा जोडला, कॅडिलॅकचे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन उघडेच ठेवले आणि गाडीला नाक खाली, पाठ वर अशी जी ढब दिली, तिला आजही तोड नाही. त्याच काळात अशीच गाडी बनवणाऱ्या टॉमी आयव्होची ब्यूइक इंजिनाची गाडी मला अधिक नेटकी वाटते, पण तिच्यात तो उद्दामपणा नाही.

पुढे आलेल्या फायबरग्लासच्या किटमुळे हे रूप सर्वांच्या आवाक्यात आले, पण त्यातल्या बऱ्याच गाड्या नुसत्या क्रोमच्या झगमगाटावर उभ्या आहेत. मूळ मॉडेल टीचे इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे होते, तर येथे तेवढ्याच हलक्या डब्यापुढे भलेमोठे व्ही-८ इंजिन बसते. असे असूनही पुढची बारीक चाके मोकळी दिसावीत म्हणून अनेक जण त्यांना ब्रेकच लावत नाहीत, आणि वेग आवरताना गाडीचा भार पुढे सरकतो हे लक्षात घेता ही हौस मला अक्षम्य वाटते. छप्पर नाही, पाय पसरायला जागा नाही, याची तक्रार मी करणार नाही. रंगावर पैसे ओतण्याआधी पुढे डिस्क ब्रेक मात्र बसवावेत.