स्किनिंग्रोव्हचं ‘लँड ऑफ आयर्न’: मजुरीचा हिशेब समजून घ्यायला जावं असं खाण-संग्रहालय

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सॉल्टबर्न आणि व्हिटबीच्या मधे, एका अरुंद दरीच्या तोंडाशी स्किनिंग्रोव्ह वसलंय. इथली लोहदगडाची लॉफ्टस खाण १८४८ साली सुरू झाली आणि १९५८ मध्ये बंद पडली. तिच्याच जागेवर १९८३ मध्ये संग्रहालय उघडलं. आधी ते टॉम लेनर्ड या स्थानिक पत्रकाराच्या नावाने ओळखलं जायचं, मग ‘क्लीव्हलँड आयर्नस्टोन मायनिंग म्युझियम’ झालं आणि आता त्याचं नाव ‘लँड ऑफ आयर्न’ आहे. व्हिटबीच्या सहलीला निघालेल्यांनी वाटेत इथे अर्धा दिवस नक्की काढावा.

गोव्यातल्या किंवा रेडीच्या खाणी पाहिलेल्यांच्या डोळ्यांसमोर उघडा डोंगर, पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला उतार, ट्रक आणि बार्ज येतात. क्लीव्हलँडचं, म्हणजे स्किनिंग्रोव्हच्या आसपासच्या या खाणपट्ट्याचं, काम जमिनीखालचं. मुख्य थर साधारण दहा-बारा फूट जाड, काही ठिकाणी त्याहून जास्त. दगडात लोखंड जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या चांगल्या खनिजाच्या निम्मं. एवढ्या हलक्या मालावर मिडल्सबरोसारखं शहर उभं राहिलं, कारण थर जाड होता, समुद्र जवळ होता आणि शेजारच्या डरहॅमचा, लोखंडाच्या भट्टीसाठी कोक करायचा कोळसा हाताशी होता. ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून आत गेलात तर पुढचं सगळं पटापट लागतं.

इथला गाभा म्हणजे वाटाड्यासोबतची भुयारातली फेरी. हेल्मेट तिथेच मिळतं. मूळ खाणीचे बोगदे मैलोन् मैल पसरलेले होते, त्यांतला अगदी छोटा तुकडा आपण पाहतो. तरी कामाची पद्धत कळायला तो पुरेसा आहे. आधी समांतर बोगदे काढायचे, त्यांना आडवे छेद द्यायचे आणि मधे दगडाचे चौकोनी खांब छत पेलायला सोडायचे. पट्टा संपत आला की उलट्या दिशेने मागे येत हे खांबही काढून घ्यायचे आणि छत मुद्दाम खाली बसू द्यायचं. जास्त जोखीम या दुसऱ्या टप्प्यात असायची. लाकडी टेकू कुरकुरायला लागले की तिथून निघायचं, हे माहीत असूनही ‘अजून एक गाडी भरू’ म्हणून थांबण्याचा मोह व्हायचा, कारण मजुरी टनावर मिळायची. क्लीव्हलँडमध्ये माणसं दगावली ती बहुतेक अशीच, एकेकटी, छत कोसळून.

सुरुंगाचं प्रात्यक्षिक नीट पाहा. सुरुवातीच्या काळात भोक हातानेच पाडत. जड पहार उचलून आपटायची, दर फटक्याला थोडी फिरवायची, असं करत चारेक फूट आत जायचं. पुढे हाताने फिरवायची रॅचेट यंत्रं आली, नंतर दाबलेल्या हवेवर आणि विजेवर चालणारे ड्रिल. भोकात काळी दारू भरायची, तांब्याची लांब सुई आत ठेवून वरून माती ठासायची, मग सुई अलगद ओढून घ्यायची. राहिलेल्या बारीक नळीत दारू भरलेली काडी सरकवून पेटवायची. सुई तांब्याची, कारण लोखंड दगडावर घासलं तर ठिणगी पडते. ठासणी सैल राहिली तर दारूचा जोर भोकातून बाहेर निघून जातो आणि दगड जागचा हलत नाही. बार उडालाच नाही तर लगेच जवळ जायचं नाही, कारण काडी आत धुमसत असू शकते.

आता हिशेब. दारू आणि मेणबत्त्या कामगाराने स्वतःच्या पैशांनी घ्यायच्या. म्हणजे फुकट गेलेला बार थेट त्याच्या खिशाला लागायचा. दगड गाडीत भरला की तिच्यावर आपल्या नंबराचा बिल्ला लावायचा. घोडे या गाड्या मुख्य रस्त्यापर्यंत ओढत नेत. वर वजन व्हायचं. मालात शेलचे, म्हणजे पापुद्र्यांच्या निकामी दगडाचे तुकडे जास्त निघाले तर पैसे कापले जायचे. मेणबत्तीच्या उजेडात करडा लोहदगड आणि करडी शेल वेगळी करून पाहा, म्हणजे ही कपात किती जाचत असेल ते समजेल. म्हणूनच वजनकाट्यावर कामगारांनी निवडलेला, त्यांच्याच पैशांतून पगार घेणारा माणूस असणं ही मोठी कमाई होती. त्याचा हक्क कायद्याने दिला. क्लीव्हलँड मायनर्स असोसिएशन ही खाणकामगारांची संघटना १८७२ मध्ये उभी राहिली. बिल्ले नुसते पाहून पुढे जाऊ नका. वाटाड्याला वजन, कपात आणि बोगद्यांत हवा खेळती ठेवणारी दारं उघडणाऱ्या पोरांबद्दल मुद्दाम विचारा.

एक गोष्ट तिथे जाण्याआधी वाचून जावी. इथल्या दगडात फॉस्फरस भरपूर, त्यामुळे वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून पोलाद करायच्या बेसेमर पद्धतीला तो चालत नव्हता. १८७९ मध्ये मिडल्सबरोत फॉस्फरस काढून टाकणारी गिलख्रिस्ट-थॉमस पद्धत यशस्वी झाली आणि हा दगड पोलादाच्या कामाचा ठरला. तरी पुढे परदेशी, जास्त कसाच्या खनिजाने बाजार नेलाच. क्लीव्हलँडमधली शेवटची नॉर्थ स्केल्टन खाण जानेवारी १९६४ मध्ये बंद झाली. त्याआधी १९५३ साली लिंगडेल खाणीत वायूचा स्फोट होऊन आठ जण गेले. लोहदगडाच्या खाणीत वायूची भीती नाही, ही समजूत किती महागात पडली ते त्यावरून दिसतं.

गावाच्या वरच्या अंगाला दिसणारा कारखाना १८७४ पासूनचा. २००७ ते २०१६ तो टाटा स्टीलकडे होता, हे आपल्याकडच्या फार कमी लोकांना माहीत असतं.

जाण्याची सोय: ट्रेन सॉल्टबर्नपर्यंत, पुढे व्हिटबीच्या दिशेची बस. हिवाळ्यात संग्रहालय बंद असू शकतं, म्हणून वेळा आणि फेरीचं बुकिंग आधी वेबसाइटवर पाहून घ्या. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, जाकीट आणि न घसरणारे बूट हवेत. बाराचा आवाज दणदणीत, लहान मूल सोबत असेल तर आधीच सांगून ठेवा. चार वर्षांखालच्यांना नेण्यात फारसा अर्थ नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र आवर्जून न्या, ती याच वयाच्या पोरांचं काम बघणार आहेत.

वेळ उरला तर सॉल्टबर्न गिलच्या ओढ्याकडे जा. बंद खाणींत साचलेलं लोहयुक्त पाणी १९९९ मध्ये बाहेर फुटलं आणि ओढा नारिंगी झाला. ते पाणी गाळून सोडायला पुढे खास शुद्धीकरण केंद्र बांधावं लागलं. रोझडेलच्या दगड भाजायच्या भट्ट्या मात्र त्याच दिवशी जमवू नका. त्या आत मूरवर, म्हणजे उंचावरच्या उघड्या माळरानावर, आहेत आणि तिथली चाल लांबची आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.