ओपन-एसएसएच सर्व्हर: कामाला पक्का, बोलायला कंजूष

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात कोपऱ्यात एक दणकट डेस्कटॉप आहे. त्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड. एमएस्सीची मुलं घरून लॉगिन करतात आणि आपापली सिम्युलेशन्स त्याच्यावर चालवतात. हे लॉगिन सांभाळतो ओपन-एसएसएचचा सर्व्हर, म्हणजे दुरून येणाऱ्यांना सुरक्षितपणे आत घेणारा प्रोग्राम. तो बसवायचा कसा हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी तो वागतो कसा तेवढंच लिहिते.

बसवणं सोपं आहे. डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये एक खूण केली की झालं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मात्र २०१६ च्या अखेरीपासून तो मुद्दाम बंद ठेवलेला येतो, आपणच चालू करावा लागतो. योग्यच आहे ते. मूळ एसएसएचचा जन्मच चोरीतून झालाय. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाता-येता पासवर्ड टिपून घेतले, तेव्हा तिथल्याच तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर. फाईली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, जुन्या पद्धतीच्या लॉगिनचा म्हणजे टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी मागून घेतला. आपण वापरतो ती ओपन-बीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी १९९९ मध्ये काढलेली मोफत आवृत्ती.

आता स्वभाव. दर सत्राच्या सुरुवातीला फोन येतोच, “मॅडम, परमिशन डिनाइड येतंय.” मुलांच्या स्क्रीनवर एवढंच दिसतं. युजरनेम चुकलं, की-फाईल (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) चुकीची दिली, नाहीतर होम फोल्डर मित्रालाही लिहिता यावं म्हणून सगळ्यांना मोकळं करून ठेवलं, या तिन्हींना उत्तर तेच. तिसरा प्रकार सगळ्यात छळतो. की बरोबर असते, कालपर्यंत चाललेलीही असते, पण फोल्डरच्या परवानग्या सैल दिसल्या की हा ती की वाचायलाच नकार देतो. कारण विचारायचं तर सर्व्हरवर जाऊन लॉग (नोंदवही) उघडायचा, तिथे ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ असं स्वच्छ लिहिलेलं सापडतं. म्हणजे कारण त्याला ठाऊक असतं, फक्त दाराबाहेरच्याला तो सांगत नाही. बाहेरचा चोर असेल तर अमुक नावाचा युजर इथे आहे एवढीसुद्धा माहिती त्याला मिळू नये, हा हेतू. पटतं. तरी फोन मलाच येतात.

दिलदारपणा एका ठिकाणी आहे. सेटिंग बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी आधीपासून आत असलेल्यांची सेशन्स तुटत नाहीत. त्यामुळे एक खिडकी उघडी ठेवायची, दुसरीतून लॉगिन होतंय का बघायचं, मग पहिली बंद करायची. रीस्टार्टच्या आधी सेटिंगची फाईल तपासून देण्याचीही सोय आहे. शेजारच्या विभागात उबंटू हे दुसरं लिनक्स आहे, तिथे एक मेख निघाली. २२.१० पासून उबंटूने पोर्टवर कान देण्याचं काम सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या सॉकेटकडे सोपवलंय. फाईलमध्ये पोर्ट बदलून नुसतं एसएसएच रीस्टार्ट केलं तर जुनाच पोर्ट चालू राहतो, सिस्टमडीला ‘डेमन-रीलोड’ देऊन सॉकेटही रीस्टार्ट करावं लागतं.

सुरक्षेचं एकच सांगते, पासवर्डने लॉगिन करू देणं बंद करा. पोर्ट २२ इंटरनेटवर उघडा टाकला की अनोळखी पत्त्यांवरून ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’ अशी नावं घालून रात्रंदिवस ठोठावणं सुरू होतं. २००६ साली बुजवलेलं एक भोक पुढच्या बदलांत नकळत परत उघडलं होतं, ते क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी जुलै २०२४ मध्ये दाखवलं. ओपन-एसएसएचच्या ९.८ आवृत्तीत ते बंद झालं. (डेबियन अशी दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत घालतं, त्यामुळे नुसता आकडा बघणारे ऑडिटवाले उगाच घाबरतात.) त्याच ९.८ पासून, वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला काही काळ दाराबाहेर ठेवायची पद्धतही आली. कल्पना उत्तम, पण आमचं अख्खं हॉस्टेल एकाच आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे). एकाने चुकीच्या की-फाईलने धडाधड प्रयत्न केले की शिक्षा सगळ्या मजल्यांना! शेवटी हॉस्टेलचा पत्ता माफीच्या यादीत घातला. अशी यादी ठेवल्याबद्दल मात्र बनवणाऱ्यांना मानलं.

घरच्या मशीनवर बसवणार असाल तर आधी ब्रॉडबँडवाल्याला विचारा की स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतो का. बऱ्याच घरगुती जोडण्यांत तो मिळत नाही, आणि मग सर्व्हर कितीही नीट बसवला तरी बाहेरून तिथपर्यंत पोचताच येत नाही. त्यात याचा दोष नाही.

नेट तुटलं की टर्मिनलमध्ये चालू असलेलं कामही सहसा त्याबरोबर जातं, म्हणून नेट गेलं तरी काम चालू ठेवणारं टीमक्स सोबत हवंच. आणि आलेख बघायची हौस असेल तर एक्स-फॉरवर्डिंगच्या (सर्व्हरवरची खिडकी आपल्या स्क्रीनवर आणण्याच्या) नादी लागू नका. घरच्या नेटवर खिडकी उघडेपर्यंत चहा होतो. चित्राची फाईल उतरवून घ्या आणि आपल्याच मशीनवर बघा.