सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण: ब्रेडी, मोंटाना, मॅनिंग की महोम्स?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. सुपर बोल, म्हणजे तिथल्या एनएफएल या लीगची अंतिम लढत, जिंकणाऱ्यांना अंगठी मिळते. त्या अंगठ्या मोजून हा वाद मिटवायचा तर तो दोन मिनिटांत मिटतो. टॉम ब्रेडीकडे ७, जो मोंटानाकडे ४, २०२४च्या हंगामापर्यंत पॅट्रिक महोम्सकडे ३ आणि पेटन मॅनिंगकडे २. पण अंगठी अख्ख्या संघाची असते, एका माणसाची नाही. ती किती फसवते हे मॅनिंगच्या कारकिर्दीत अगदी स्वच्छ दिसतं.

२०१३च्या हंगामात मॅनिंगने पासमधून ५,४७७ यार्ड मिळवले आणि ५५ टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्याच्या गोलपट्ट्यात चेंडू पोहोचवणारे) फेकले. एका हंगामातले हे दोन्ही विक्रम आहेत. त्या हंगामात त्याचा संघ डेन्व्हर सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटलकडून ४३-८ असा हरला. दोन वर्षांनी मॅनिंगची फेक पार ढासळली होती. २०१५च्या नियमित हंगामात ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास), सुपर बोलमध्ये १४१ यार्ड आणि एकही टचडाउन पास नाही. तरी डेन्व्हरच्या बचावफळीने कॅरोलायनाला २४-१० असं रोखलं आणि मॅनिंगला दुसरी अंगठी मिळाली. आयुष्यातल्या सर्वोत्तम हंगामात मानहानी आणि सर्वात वाईट हंगामात विजेतेपद, असं ज्या मोजमापात होतं ते एकट्याने निकाल लावू शकत नाही.

दुसरी अडचण काळाची. १९७८ मध्ये दोन नियम बदलले. बचावपटूला पाच यार्डांपुढे रिसिव्हरला (पास झेलणाऱ्याला) धक्का देण्याची मनाई झाली आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात लांबवून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. फेकायला वेळ वाढला, पळायला जागा मोकळी झाली. २००४ पासून धक्क्याचा नियम आणखी कडक राबवला गेला. २००८ मध्ये ब्रेडीचा गुडघा निकामी झाल्यावर क्वार्टरबॅकच्या पायांवर झडप घालण्यावरही बंधनं वाढली. हंगामातले प्रत्येक संघाचे सामनेही वाढत गेले: १९६० पर्यंत एनएफएलमध्ये १२, मग १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. म्हणून त्या काळातल्या जॉनी युनायटस या क्वार्टरबॅकने १९५६ ते १९६० दरम्यान सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास दिला, याचं वजन आजच्या तशाच आकड्याहून खूप जास्त आहे. तो विक्रम २०१२ मध्ये ड्रू ब्रीजने मोडला, तोवर ५२ वर्षं उलटली होती. कसोटीतला स्ट्राइक रेट टी-ट्वेंटीशी कोणी तोलत नाही. इथेही प्रत्येकाला त्याच्या समकालीनांशीच ताडावं लागतं.

आता पासर रेटिंग, कारण वादात हा आकडा हमखास तोंडावर फेकला जातो. त्यात चार गोष्टी येतात: किती टक्के पास पोहोचले, दर प्रयत्नामागे किती यार्ड, किती टचडाउन आणि किती इंटरसेप्शन. प्रत्येकाला ० ते २.३७५ गुण. चारांची बेरीज भागिले ६, गुणिले १००. म्हणून कमाल १५८.३. मोंटानाच्या चार सुपर बोलचं गणित करून बघा: १२२ पैकी ८३ पास, १,१४२ यार्ड, ११ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. चार भाग येतात १.९०, १.५९, १.८० आणि पूर्ण २.३७५. उत्तर १२७.८. चारही सामने जिंकले. सर्वात मोठ्या मंचावर इतका निर्दोष खेळ या यादीत दुसऱ्या कोणाचा नाही.

आता फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल ५१ घ्या. अटलांटाची आघाडी २८-३. ब्रेडीने ६२ पैकी ४३ पास पोहोचवले, ४६६ यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. पाचदा सॅक झाला (पास सुटण्याआधीच पाडला गेला) आणि त्याचा संघ न्यू इंग्लंड जादा वेळेत ३४-२८ ने जिंकलं. रेटिंग किती? ९५.२. सॅक त्यात धरलेच जात नाहीत, आणि पंचवीस गुणांनी मागे असताना दिलेला पास निवांत आघाडीवरच्या पासाइतकाच मोजला जातो. एवढ्यावरून हा आकडा कुठवर चालवायचा ते ठरवा.

मोंटानाविरुद्धचा खरा आक्षेप त्याच्या प्रशिक्षकाच्या, बिल वॉल्शच्या, पद्धतीचा आहे. छोटे, ठरलेल्या पावलांवर सुटणारे पास. तोच साचा पुढे त्याच संघातल्या स्टीव्ह यंगच्या हाती गेला आणि १९९४च्या हंगामात त्यानेही विजेतेपद आणलं. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी नामांकित रिसिव्हर जेरी राइस संघात आलेलाच नव्हता.

ब्रेडीच्या बाबतीत हाच प्रश्न प्रशिक्षक बिल बेलिचिकवरून निघतो. २००८ मध्ये ब्रेडी जायबंदी असतानाही संघ ११-५ (११ विजय, ५ पराभव) राहिला, हे त्याचे विरोधक बरोबर दाखवतात. पण २०२० मध्ये तो टँपा बेला गेला, ४३व्या वर्षी पहिल्याच हंगामात जिंकला, आणि न्यू इंग्लंड ७-९ वर घसरलं. टँपाकडे माइक इव्हान्ससारखे रिसिव्हर आणि तगडी बचावफळी होती हे खरं. तोच संघ आदल्या वर्षी ७-९ होता हेही खरं. मॅनिंगशी झालेल्या १७ लढतींत ब्रेडी ११-६ ने पुढे, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) मात्र मॅनिंग ३-२.

माझं मत सांगतो. संपूर्ण कारकीर्द हा निकष असेल तर ब्रेडी, आणि तिथे फार वाद उरत नाही: २३ हंगाम, १० सुपर बोलमध्ये सहभाग, ८९,२१४ यार्ड. स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) बचाव वाचून संपूर्ण चाल बदलण्याची ताकद बघायची असेल तर मॅनिंग. ५ एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार) उगाच मिळत नाहीत. आणि एकच सामना जिंकायचा असेल तर मी मोंटानाला उभा करेन. महोम्सचा खटला चालू आहे. पास सुटायची जागा तो स्वतः तयार करतो, तसं बाकीच्या तिघांना जमलं नाही. पण दीर्घायुष्याची परीक्षा अजून बाकी आहे.

स्वतः ठरवायचं असेल तर हायलाइट्सवर विसंबू नका. मोंटानाच्या सुपर बोल २३ चा शेवट पूर्ण बघा: ३ मिनिटं १० सेकंद उरलेली, स्वतःच्या ८ यार्ड रेषेवरून ११ चालींत ९२ यार्ड, आणि ३४ सेकंद असताना जॉन टेलरला विजयी पास. मग सुपर बोल ५५. महोम्स ३१-९ ने हरला, एकही टचडाउन झाला नाही. त्याचे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या टोकाचे रक्षक) दुखापतीने बाहेर होते. तिथे चेंडूमागे न जाता लाइन किती वेळ टिकते ते मोजा. एका फेकीच्या वेळी तो जमिनीला समांतर होऊन पडता पडता चेंडू सोडतो, तो थेट सहकारी डॅरेल विल्यम्सच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळतो, आणि आकडेवारीत ‘अपूर्ण पास’ एवढीच नोंद होते.