डीपीएफ ‘साफ’ करून देणाऱ्यांपासून जपा

घोडबंदर रोडवरच्या एका बीएस-६ डिझेल एसयूव्हीचं हे प्रकरण. रोजची धाव कासारवडवली ते माजिवडा, म्हणजे निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आधी डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला, मग चेक लाइट, मग गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केलेली. गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘फिल्टर जाम आहे, नवा लाखाच्या घरात जाईल. आतला मसाला काढून टाकू, बाहेरून कळणार नाही, ॲव्हरेजही वाढेल.’ डबा कापला, कॅटॅलिस्ट (धुरातले विषारी वायू निवळवणारा भाग) आणि फिल्टर दोन्ही काढले, वेल्डिंग मारलं, स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला. दिवा विझला, पैसे दिले. आठवड्यात दिवा परत!

बहुतेक जण फसतात ते या विझलेल्या दिव्याला. कोड पुसला की ईसीएमच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि थंड इंजिनपासून गाडी काही वेळा नीट चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. दिवा गप्प असतो तो तेवढ्यापुरताच.

फिल्टरच्या पुढून-मागून दोन बारीक नळ्या डिफरन्शियल प्रेशर सेन्सरला जातात. रेस दिली की दोन्हीकडच्या दाबातला फरक वाढायलाच हवा. आत पोकळ डबा असेल तर तो शून्याजवळच घुटमळतो. फिल्टर फुटलाय किंवा नाहीच, असं धरून ईसीएम पी२००२ कोड टाकतो.

दिव्याचं फारसं काही नाही, खरा फटका ऑइलला बसतो. काजळीचा हिशेब ईसीएम नुसत्या दाबावर करत नाही. गाडी किती आणि कशी चालली यावरून अंदाजही बांधतो. त्यामुळे फिल्टर नसला तरी रिजनरेशनची, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकायची, वेळ येतेच. मग पॉवर स्ट्रोकच्या उत्तरार्धात जास्तीचं डिझेल फवारलं जातं. ते कॅटॅलिस्टमध्ये जळून धूर साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा, अशी योजना. कॅटॅलिस्टच काढलंय, तर तापमान चढणार कसं? मागून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. ईसीएम पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. या गाडीत डिपस्टिकवर ऑइल ‘मॅक्स’च्या वर गेलं होतं. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नका. असल्या पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग फार दिवस तग धरत नाही.

यावर पुढचा सापळा म्हणजे ‘मॅपिंग’, ईसीएममध्ये बदललेलं सॉफ्टवेअर टाकणं. रिजनरेशन बंद करणाऱ्या फाइलमध्ये बऱ्याचदा शेजारचे कोडही सरसकट बंद केलेले असतात. उद्या ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात वळवणारा व्हॉल्व्ह) खरोखर अडकला, तर दिवा लागणारच नाही.

गंमत म्हणजे या गाडीच्या बिलात ‘किरकोळ’ म्हणून एक नवा प्रेशर सेन्सर होता. जुना डिकीत पडलेला. तो जोडून पाहिला, तर इंजिन बंद असतानाही चांगलाच दाब दाखवत होता. तेवढा सेन्सर बदलून स्कॅनरवर त्याचं व्हॅल्यू रीसेट केलं असतं, तर फिल्टरला हात लावायचं कारण नव्हतं.

म्हणून फिल्टर जाम असल्याचं कुणी सांगितलं, तर इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर दाब बघायला लावा. तो शून्याजवळ हवा. नळ्या तडकल्यात का, तुंबल्यात का, ते पाहा. काजळी खरोखर साठली असेल, तर आधी स्कॅनरवरून सर्व्हिस रिजनरेशन करून घ्या. नुसता डीपीएफचा दिवा असेल, तर कळंबोलीहून एक्सप्रेस वेवर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यावरही तो पुष्कळदा जातो.

जुनी गाडी घेताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. बीएस-६ डिझेलचं बोट काळंकुट्ट निघालं, तर डब्याखाली वाकून नवं वेल्डिंग शोधा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ(४) खाली बेकायदा बदलाबद्दल मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाला मात्र काढलेला मसाला परत देत नाही, कारण त्यावरच्या प्लॅटिनमच्या थराला भंगारात वेगळा भाव मिळतो.